पानी आणि पाणी



दर शनिवारी सकाळी मी गोंदियाजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत दुसरी-तिसरीच्या मुलांना तासभर शिकवायला जाते. मी काही शिक्षिका नाही. गुरुजी म्हणाले, "ताई, थोडं वाचन घ्या, थोडं विज्ञान", म्हणून जाऊ लागले.

पहिल्याच दिवशी मुलांना पाण्यावर एक वाक्य लिहायला सांगितलं. एका चिमुरडीने लिहिलं, 'तलावाचं पानी हिरवं आहे.' मी लाल पेनने 'पानी'वर काट मारली आणि सगळ्यांसमोर तिच्याकडून पाच वेळा 'पाणी' लिहून घेतलं. त्यानंतर दोन शनिवार ती तोंड उघडेना.

घरी आले तर सासूबाई म्हणत होत्या, "बहू, पानी छान लिया?" मी चपापले. आपल्याही घरात पानीच की! या मुलांच्या घरी कुठे पोवारी, कुठे हिंदी, कुठे झाडीबोली. तिचं वाक्य तर अगदी खरं होतं. तिने तलाव नीट पाहिला होता, मी मात्र फक्त 'न' पाहिला.

तिसऱ्या शनिवारी आपलं जाड सुती गाळणं, भिंग आणि तलावाचं पाणी घेऊन गेले. कापड दुहेरी करून पाणी गाळलं, मग तेच कापड उलटं करून पांढऱ्या वाडग्यात हलकेच खळबळलं. भिंगातून पहिली तीच ओरडली, "बाई, पानीमंधी जीव फिरून राह्यले!"

मी फळ्यावर तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. शेजारी लिहिलं, 'पाण्यात जीव फिरत आहेत.' एक घरचं, एक शाळेचं. काट कशावरच नाही. मग गढूळ, नितळ, गाळणे, थेंब हे शब्द मुलांनी आपणहून मागून घेतले.

एकाने विचारलं, "आता हे पाणी प्यायचं?"

गाळलेल्या पाण्याचा आपल्याला किती अभिमान! 'हो' अगदी ओठावर आलं होतं. पण मुलांशी खोटं कसं बोलायचं? म्हटलं, "नाही. कापडाच्या छिद्रांपेक्षा जंतू फार बारीक असतात. त्यासाठी पाणी चांगलं उकळावं लागतं." मग त्यांना बांगलादेशची गोष्ट सांगितली. तिथल्या खेड्यांत बायकांनी जुन्या साडीच्या अनेक घड्या करून पाणी गाळलं आणि कॉलरा जवळपास निम्म्याने कमी झाला. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून असतात, ते जीव कापडात अडकतात. म्हणजे गाळण्याचा उपयोग आहे, पण त्याला मर्यादाही आहे. दोन्ही सांगितलं म्हणून माझी श्रद्धा काही उणी झाली नाही.

शेवटी वाडग्यातली जिवाणी आम्ही सगळे मिळून तलावात सोडून आलो. "त्यांचं घर इथं आहे ना?" असं त्या चिमुरडीनेच विचारलं.

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत'चं ध्येय आहे. पण समजण्याची सुरुवात मुलाच्या स्वतःच्या शब्दापासून होते, हे मला एका 'न'ने शिकवलं.

क्षमावाणीला आपण मोठ्यांची क्षमा मागतो. यंदा मी त्या चिमुरडीसमोर हात जोडले. ती हसली आणि म्हणाली, "बाई, उद्या पुन्हा भिंग आणाल?"