तुटलेल्या ताऱ्याचा मालक

आपल्याकडे तारा तुटतो. कशापासून, हे भाषा सांगत नाही. आणि तुटल्यावर तो कुणाचा, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. २ एप्रिल २०२२ च्या रात्रीनंतर तो पडला.

गुढीपाडव्याचा दिवस. शेगावात गुढ्या उतरल्या होत्या आणि गजानन महाराजांच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर वर्दळ होती. आठच्या सुमारास वायव्येकडून एक धगधगती रेघ आली आणि आग्नेयेकडे निघाली. पापणी लवेपर्यंत विझणारी ती नव्हती. मागे ठिणग्यांच्या शेपट्या सोडत ती पालखीच्या संथपणाने चालली होती. कुणी विमान म्हटले, कुणी उल्का. एका आजींनी हात जोडले. आम्ही नुसते पाहत राहिलो.

त्या संथपणातच तिची ओळख होती. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा काही क्षणांत संपते. पृथ्वीभोवती फिरून खाली येणारी वस्तू आठेक किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवी उतरते आणि तुकडे होत जळत राहते. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी या गावी धातूचे एक मोठे कडे कोसळले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’ अग्निबाणाचा हा अवशेष असावा, असे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सुचवले.

आकाशातून पडलेल्या वस्तूचे बुलढाणा जिल्ह्याला नवल नाही. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अशाच एका आघाताने काळ्या बसाल्टात कोरले गेले. लोकांनी त्याला लवणासुराची कथा दिली, काठच्या गावात दैत्यसूदनाचे मंदिर उभारले. ज्याला मालक नसतो, त्याला माणसे कथा देतात. लाडबोरीचे कडे मात्र कथेत न जाता पोलीस ठाण्यात गेले. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वस्तूने जमिनीवर केलेल्या नुकसानीस प्रक्षेपण करणारा देश जबाबदार असतो. म्हणजे या ताऱ्याला मालक आहे, आणि कायदाही.

तुटता तारा पाहू नये, असे घरची वडीलधारी मंडळी सांगत. ती भीती दैवावर सोपवून झोपता येई. दैवाने टाकलेला दगड माणूस सोसतो. पण कुणीतरी हिशेब करून वर सोडून दिलेला धातू कुणाच्या तरी छपरावर येणार असेल, तर तोही निमूटपणे सोसायचा काय? दृश्य सुंदर होते, हे आम्ही नाकारत नाही. म्हणूनच हा प्रश्न अधिक बोचतो.