सोवळा चषक

सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीकडे जाताना थंडीच्या दिवसांत फ्लेक्सवर चषकांचं पीक आलेलं असतं. टेनिस बॉलचं क्रिकेट, प्रकाशझोतातले सामने, रोख बक्षीस, आणि कुणा भाऊंचं नाव लावलेला 'भव्य चषक'. खेळणारी पोरं मात्र 'कप' म्हणतात. चषक हा फ्लेक्स छापणाऱ्याचा आणि भाषण ठोकणाऱ्याचा शब्द.

त्याचं पूर्वायुष्य त्याच व्यासपीठावरून सांगितलं, तर निम्मे पाहुणे खुर्चीत चुळबुळ करतील. अमरकोशात चषक भेटतो तो सुरेच्या सरंजामात: दारू प्यायचं भांडं, दुसरं काही नाही. यज्ञातला पेला निराळा. तो चमस, लाकडाचा, सोमरसासाठी. त्वष्ट्याच्या एका चमसाचे ऋभूंनी चार केले, अशी ऋग्वेदात कथा आहे. पावित्र्य सगळं चमसाकडे होतं. पण चमस पोथीत राहिला, आणि गुत्त्यातला चषक मुख्याध्यापकांच्या काचेच्या कपाटात जाऊन बसला.

हे सोवळेपण त्याला कुठून आलं? मला वाटतं, फारसीतून आलेल्या प्याल्यानं त्याचं पाप आपल्या माथी घेतलं. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'नं तर त्यावर शिक्काच मारला. त्या नाटकातल्या सुधाकराच्या हातात प्याला होता, चषक नव्हे. संस्कृत नाव असल्यानं चषक नामानिराळा सुटला.

त्याचा जोडीदार करंडक तर पेलाही नव्हे. ती झाकणाची डबी. कुंकवाचा करंडा त्याच घरातला. सांगलीत १९१५ साली जन्मलेल्या विजय हजारे यांच्या नावाची देशातली एकदिवसीय स्पर्धा वर्तमानपत्रं करंडक म्हणूनच छापतात. कुंकवाच्या डबीसाठी अकरा-अकरा गडी घाम गाळतात, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

थोरल्या चषकांत तर आता काही ओतताही येत नाही. फुटबॉलचा विश्वचषक १९७४ पासून म्हणजे दोन माणसांनी उचलून धरलेली पृथ्वी. क्रिकेटचा, तीन खांबांवर तोललेला सोनेरी गोल. कुपवाडच्या चषकाला निदान खोलगट पोट आणि दोन कान असतात. शेजारीच तासगावची द्राक्षं पिकतात, पण त्यातली बरीचशी दारूला नव्हे, बेदाण्याला जातात. मग जिंकल्या रात्री कुणीतरी चषकात कोल्ड्रिंक ओततं. चौघं घोट घेतात. पाचवा, सोनेरी मुलामा ओठाला लागतो म्हणून, सरळ बाटलीच तोंडाला लावतो.