अठरा रुपयांचें बिऱ्हाड

आमच्या आजोबांनीं १९३९ सालीं गिरगांवांतील एका चाळींत दोन खोल्या दरमहा अठरा रुपये भाड्यानें घेतल्या. पुढें तीन पिढ्यांचीं बारशीं, मुंजी आणि श्राद्धें तेथेंच पार पडलीं. भाडें मात्र बहुतेक होतें तेथेंच राहिलें; कारण १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं असलेलें भाडेंच प्रमाण मानलें होतें. टंचाईच्या काळांत भाडेकरूस अभय मिळावें, हा त्या कायद्याचा हेतु स्तुत्यच होता. आणि त्याचा लाभ आम्हीं पुरेपूर घेतला, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे.

एका पावसाळ्यांत चाळीचा सज्जा ढांसळला. आम्ही सर्व बिऱ्हाडकरू घरमालकास जाब विचारावयास गेलों. म्हाताऱ्यानें मुकाट्यानें भाड्याची वही पुढें ठेविली. साऱ्या चाळीचें वर्षाचें भाडें त्या एका सज्ज्याच्या डागडुजीसहि पुरत नव्हतें. आम्ही निरुत्तर होऊन परतलों. भाडें वाढवून द्यावें, असें मात्र कोणाच्याहि मनांत आलें नाहीं. आमच्याहि नाहीं.

ज्यास भाड्यांतून कांहीं सुटेना, तो नवी चाळ कशास बांधील? त्यांत १९७६ च्या कायद्यानें मुंबईंत ५०० चौरस मीटरांहून अधिक मोकळी जमीन बाळगण्यास बंदी केली. गरिबांस जागा मिळावी हा उद्देश. परंतु पुष्कळशी जमीन खटल्यांतच अडकली, आणि २००७ सालीं राज्यानें तो कायदा रद्द केला. १९९१ च्या नियमावलीनें तर सामान्यतः शहरांत भूखंडाच्या १.३३ पट व उपनगरांत एक पट एवढेंच बांधकाम मान्य केलें होतें. माणसें वाढलीं, त्या मानानें घरें वाढलीं नाहींत. वाढली ती किंमत.

ह्या साऱ्याचा अर्थ आम्हांस पुतण्याचें लग्न ठरलें तेव्हां उमगला. गिरगांवांत नाहीं, दादरास नाहीं, पार्ल्यासहि परवडेल अशी जागा मिळेना. अखेर त्यानें बदलापुरास बिऱ्हाड थाटलें. पहांटे डबा घेऊन निघतो, तो रात्रीं मुलें निजल्यावर परततो. एकदां तो सहज म्हणाला, "काका, आपल्याला अठरा रुपयांत घर मिळालें, त्याची बाकी मी फेडतों आहें."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. भाडेकरूस रस्त्यावर काढणारा कायदा आम्हांस आजहि नको आहे. परंतु घरांत बसलेल्यांचें रक्षण करतांना दाराबाहेर उभा असलेल्याचा विचार कायदा करणारांनीं केला नाहीं, आणि आम्हां बिऱ्हाडकरूंनींहि केला नाहीं. तो बाहेरचा कोणी परका नव्हता, आमच्याच घरचा होता, हें कळावयास आम्हांस फार वर्षें लागलीं.