पाठवणीचं गाव

दापोडीत काही टिकत नाही, असं वडील म्हणायचे. तक्रार म्हणून नाही. पुण्याला लागून असलेल्या या गावी, एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाचं ते साधं निरीक्षण होतं. त्यांच्याकडे चासी यायची ती उघडीवाघडी. इंजिन, चाकं, लांबच लांब दोन लोखंडी पट्ट्या, आणि पुढे काच नाही की डोक्यावर छप्पर नाही अशा जागी कानाला मफलर गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल चढवून बसलेला ड्रायव्हर. मुंबई-पुणे रस्त्यावरून अशी चासी निघाली की आम्ही पोरं खेळ टाकून बघत राहायचो. ती गेटातून आत जायची आणि मग आतून पत्रा ठोकल्याचा, रिव्हेट बसवल्याचा आवाज दिवसभर यायचा. काही आठवड्यांनी त्याच गेटातून ओल्या रंगाच्या वासाची लाल एसटी बाहेर पडायची आणि कणकवलीला नाहीतर जतला निघून जायची. पुढे कुठल्याही गाडीत चढलं की वडील सीटशेजारचा पत्रा अंगठ्याने दाबून बघत आणि निकाल देत, "आपली आहे." कधी म्हणत, "ही औरंगाबादची." कंडक्टर हसायचे. आईला मात्र या सगळ्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. "पोरी वाढवायच्या आणि पाठवून द्यायच्या, तसलं गाव आहे हे," ती म्हणायची. दापोडीबद्दल इतकं नेमकं मी नंतर कुठे वाचलं नाही.

ही खोड एसटीमुळे लागलेली नाही. ती निदान दोनशे वर्षं जुनी आहे. १८१७ साली इथे मुळेच्या काठी फोर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची पलटण होती. पैसा पेशव्यांचा, कवायत इंग्रजांची. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई पेटली तेव्हा ही पलटण दापोडीहून निघाली, नदी ओलांडून इंग्रजांच्या फळीला जाऊन मिळाली आणि ज्यांच्या खर्चावर वाढली त्यांच्याच फौजेवर तिने तोफा डागल्या. पेशव्यांकडून लढणारा मोरो दीक्षित हा फोर्डचा जिवलग मित्र. तो त्या दिवशी पडला आणि गोळा फोर्डच्या पलटणीचा होता, अशी हकीगत ग्रँट डफच्या इतिहासात आहे. शाळेत खडकीची लढाई एका परिच्छेदात उरकली होती आणि त्यात आमच्या गावाचं नाव नव्हतं. बरंच झालं म्हणायचं.

फोर्डच्या बंगल्यात पुढे मुंबई इलाख्याचा गव्हर्नर राहायला आला, सर जॉन माल्कम. त्याने १८२८ मध्ये बंगल्याला लागून सरकारी वनस्पती बाग सुरू केली. इंग्रजी कागदपत्रांत हिचं नाव 'दापुरी'. बाग म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं ते, कारंजी, बाकडी, हातात हात घालून फिरणारी जोडपी, यातलं काही मनात आणू नका. ही कामाची बाग. देशोदेशीचं बियाणं मागवायचं, मुळेच्या पाण्यावर जगतं का बघायचं, जगलं तर रोपं करून इलाखाभर वाटायची. १८३८ पासून दीर्घकाळ ती सांभाळली अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरने. देवी टोचत दख्खन आणि खानदेश पालथा घातलेला माणूस, मराठी जाणणारा. जुन्नरजवळ हिवऱ्याला त्याची दुसरी बाग होती. तिथे खुरासानी ओवा, सोनामुखी असल्या औषधी लावायच्या आणि त्यांचे अर्क लष्कराच्या औषधभांडाराला पुरवायचे. माझं आजोळ नारायणगावाजवळ. मे महिन्यात आजोळी जाणारी एसटी पकडायची म्हणजे गिब्सनच्या एका बागेतून दुसरीकडे जायचं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी पोरवयात काही फरक पडला नसता. आमचं लक्ष खिडकीच्या जागेवर.

१८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. कोकणातली झाडं तुटली की ओढे आटतात, हे त्याने सरकारला त्या काळात लिहून कळवलं होतं. मला त्याच्यापेक्षा ओढ वाटते ती त्याने ठेवलेल्या चित्रकाराची. १८४७ ते १८५० या काळात पोर्तुगीज-भारतीय वंशाचा एक माणूस दापोडीत बसून झाडांची चित्रं काढत होता. फांदी समोर ठेवायची, पानाची शीर न् शीर उतरवायची, फूल उकलून आतले पुंकेसर वेगळे काढायचे आणि कागदाच्या कोपऱ्यात रेखायचे. आमच्याकडच्या उन्हात तोडलेलं फूल किती वेळ तग धरतं, हे ज्याला माहीत आहे त्याला त्या माणसाची घाई कळेल. त्याचं नाव कुठेही नोंदलेलं नाही. चित्रं एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत, आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर मोठं पुस्तक केलं. तीही अशी इथून गेलीच.

पुढे १८६० च्या दशकात गव्हर्नराचं बिऱ्हाड गणेशखिंडीला हललं. ज्या इमारतीत आज पुणे विद्यापीठ आहे ती त्याच्यासाठी बांधलेली. दापोडीची बागही त्याच सुमारास मोडली आणि नवी बाग गणेशखिंडीला झाली.

आता जरा लांबचं. फोर्डची पलटण ज्या वर्षी खडकीला लढायला गेली त्याच वर्षी, १८१७ च्या मे महिन्यात, जावा बेटावर बोगोर इथे डच सरकारने वनस्पती बाग काढली. तिथेही नदी, तिथेही गव्हर्नर जनरलचा वाडा आणि वाड्याला लागून बाग. तिथेही बागेबाहेर भाताची खाचरं आणि गावं. माल्कम दापोडीत रोपं लावत होता त्याच सुमारास, १८३० मध्ये, जावातल्या गावांवर फर्मान आलं की जमिनीचा पाचवा हिस्सा सरकार सांगेल त्या पिकाला द्यायचा. ऊस, नीळ, कॉफी. म्हणजे बागेत जे जगलं ते उद्या गावाच्या शेतात सक्तीने उभं राहणार. आमच्या बागेतून निघालेली रोपं तशी दंडुक्याखाली गेली नाहीत, पण दोन्ही बागांचा हिशेब एकाच वहीतला. बोगोरची बाग आजही आहे, लाखो लोक बघायला जातात. आमची गेली. याचं वाईट वाटतं का, तर फारसं नाही. कारण बोगोरमधून बाहेर पडलेल्या गोष्टी अखेर फिरत फिरत आमच्यापर्यंत आल्याच.

१८४८ मध्ये, म्हणजे आमचा तो निनावी चित्रकार शिरा रेखत होता त्या दिवसांत, बोगोरला तेलमाडाची चार रोपं लावली गेली. मूळची आफ्रिकेची. आग्नेय आशियातले तेलमाडाचे मळे बहुतांशी त्या चार रोपांचा वंशविस्तार आहेत. स्टेशनबाहेर वडा तळणाऱ्या गाडीखाली पंधरा किलोचा पत्र्याचा डबा असतो. तो कसल्या तेलाचा, ते विचारायची गरज नाही.

दुसरी गोष्ट नदीत आहे. मुळा मुळशीहून येते, म्हणजे तिथून जेवढी सोडतात तेवढी येते. बरंचसं पाणी टाटांच्या धरणातून सह्याद्रीपलीकडे भिऱ्याला वीज करायला जातं. त्याच धरणासाठी १९२१ मध्ये सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला. पवना चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीपाशी वळसा घालून, पिंपरी, कासारवाडीचं जे काय मिळेल ते पोटात घेऊन येते. दोघी इथे भेटतात. संगम म्हटला की देऊळ, घाट, तीर्थ, असं मराठी माणसाच्या मनात ठरलेलं असतं. आमच्या संगमावर उन्हाळ्यात पाणीच दिसत नाही. दिसते जलपर्णी, या काठापासून त्या काठापर्यंत, इतकी दाट की कुत्रं तीवरून निम्म्यापर्यंत चालत जातं. आमच्या गल्लीतल्या एक आजी सांगायच्या, "बाळा, आम्ही इथं धुणी धुवायचो, वरनं पाणी प्यायचो बी." आता डासांपायी संध्याकाळी पाचलाच खिडक्या लावून घ्यायच्या.

पण एकदा काठावर उकिडवं बसून तिचं एक रोप उपटून बघा. देठ मध्येच फुगलेला असतो. दाबला की फट्ट वाजतो, आत पांढरा भुसभुशीत स्पंज. म्हणून ती तरंगते. खाली जांभळट काळ्या मुळांचा झुपका, त्यात चिकटलेला सगळ्या शहराचा गाळ. आणि वर तुरा, फिक्या जांभळ्या फुलांचा. सहा पाकळ्या, त्यातल्या वरच्या एकीवरच निळ्या कडेचा पिवळा ठिपका, मोराच्या पिसावर असतो तसला. त्या चित्रकारापुढे हे फूल आलं असतं तर त्याने ती पाकळी आधी केली असती. मूळची दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती १८९४ मध्ये बोगोरच्या बागेत आली आणि बागेतून निसटून जावाच्या नद्यांत शिरली. आपल्याकडे ती त्याच सुमारास बंगालात पसरली. दोन्हीकडे कौतुक फुलाचंच झालेलं.

सगळंच काही नदीच्या वाटेने येत नाही. इथे त्रिरत्न बौद्ध महासंघाचा महाविहार आहे, तिथे बाहेरगावची माणसं शिबिराला येतात. पांढऱ्या कपड्यातली कुटुंबं लोकलने देहूरोडला जातात. २५ डिसेंबर १९५४ रोजी, धर्मांतराच्या जवळपास दोन वर्षं आधी, बाबासाहेबांनी तिथे ब्रह्मदेशातून आलेली बुद्धमूर्ती बसवली. त्याच लोकलने आणखी पुढे मळवलीला उतरलं की भाजे आणि कार्ल्याची लेणी. एका पासावर एवढं सगळं.

बागेचं काम मात्र दापोडीने सोडलं नाही. सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय १९४८ मध्ये रुरकीहून इथे आलं. भिंतीच्या आत झाडी इतकी की मोर ओरडलेले रस्त्यावर ऐकू येतात. देशभरची पोरं येतात, पूल बांधायला, सुरुंग काढायला शिकतात आणि जातात. त्याच आवारात नौकानयनाचा लांब, सरळ कालवा आहे. दत्तू भोकनळ तिथे तयार झाला. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा. पाण्यासाठी विहिरी खणण्याच्या कामावर गेलेला. २०१२ मध्ये खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झाला आणि नंतर वल्हं हातात आलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत तो तेरावा आला. २०१८ मध्ये आशियाई खेळांत चौघांच्या संघातून त्याने सुवर्णपदक मिळवलं, ते इंडोनेशियात. जावात नव्हे, शेजारच्या सुमात्रावर, पालेमबांगला. जिथे प्यायला पाणी नाही तिथल्या पोराला पाण्यावर पळायला शिकवून समुद्रापार धाडायचं, हे दापोडीला साजेसं झालं. वडील असते तर म्हणाले असते, आपली गाडी आहे.

ऑगस्ट २०२३ पासून मेट्रोही थांबते. पुलावरून जाताना उंचावरून सगळं एकदम दिसतं. लॉर्ड हॅरिसच्या नावाचा दगडी पूल, रेल्वेचा पूल, हिरवीगार जलपर्णी, अलीकडे दापोडी, पलीकडे पुण्याची हद्द. वातानुकूलित डब्यात वास येत नाही. त्यामुळे दापोडी आली हे आता फलक वाचून कळतं.

पहिल्या मोठ्या पावसात ती जलपर्णी सुटते. मशीनने काढायची राहिलेली, काढून काठावर टाकलेली, सगळी मिळून वाहत जाते. बंडगार्डन, मुळा-मुठा, मग भीमा आणि शेवटी उजनी. उजनीचं पाणी पिऊन माढा-पंढरपूर पट्ट्यात ऊस उभा राहतो. आणि उसाची वंशावळ काढायला बसलं तर पुन्हा तेच बेट. पूर्व जावात पासुरुआनच्या संशोधन केंद्राने १९२१ मध्ये पीओजे २८७८ नावाचा वाण काढला. तो दख्खनच्या कालव्यांवर आला. कोइमतूरला त्याच्या पोटी को ४१९ झाला आणि त्याने महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांची एक अख्खी पिढी पोसली. आज सर्वत्र दिसणाऱ्या को ८६०३२ च्या वंशावळीतही मागे जाता तोच सापडतो. जावातल्या ज्या गावकऱ्यांच्या पणजोबांनी जमिनीचा पाचवा हिस्सा उसाला दिला, त्यांचं या सगळ्यात नाव नाही. चित्रकाराचंही नव्हतं.

मी हे सगळं स्टेशनजवळच्या रसवंतीवाल्याला सांगितलं. घुंगरं वाजत होती, चरकातून चोथा बाहेर येत होता. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. "साहेब, हा ऊस दौंडकडचा," तो म्हणाला. "जावाबिवा काही माहीत नाही. आलं टाकू का, का नुसतं लिंबू?"