उलट क्रमाने

मोटारसायकलच्या माहितीपुस्तकांत यंत्र खोलण्याची कृती आकृत्यांसह सविस्तर सांगितलेली असते आणि जोडणीचा सारा प्रश्न मात्र ‘सर्व भाग उलट क्रमाने बसवावेत’ एवढ्या एकाच हुकमाने निकालात काढलेला असतो. तर्कदृष्ट्या हे विधान निर्दोष आहे. परंतु खोलताना गुरुत्वाकर्षण आपल्या पक्षाचे असते, आटे संपले की नट आपण होऊनच खाली येतो, आणि बसवताना मात्र तोच नट, त्याचा वायसर, मधले पॅकिंग आणि अंगावर झुकणारा जड भाग ही सर्व मंडळी एकाच क्षणी आपापल्या जागी हजर असावी लागते, याची नोंद त्या ग्रंथकर्त्याच्या दप्तरी सहसा आढळत नाही.

१९५० च्या दशकापासून मद्रासेत तयार होऊ लागलेली जुन्या घडणीची बुलेट घ्या. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याचा पल्ला ९० मिलिमीटर, एकूण ३४६ घन सेंटिमीटरांचे हे इंजिन बाहेरून ऐसपैस दिसते. पण सिलिंडरच्या मस्तकामागे, जेथे कार्ब्युरेटर दोन स्टडांवर बसतो, तेथे हात घालू लागताच तो ऐसपैसपणा संपुष्टात येतो. पेट्रोल स्वतःच्या भाराने खाली उतरावे म्हणून टाकी वर, हवा-इंधनाच्या मिश्रणाला मजल थोडी पडावी म्हणून कार्ब्युरेटर मस्तकाला भिडलेला, आणि हवा गाळून मिळावी म्हणून मागून येणारा रबरी नळ. प्रत्येकाचा हक्क रास्त आहे, अतिक्रमण कोणाचेच नाही, आणि तरीही जुन्या वाड्यातल्या वाटण्यांप्रमाणे शेवटी वहिवाट अडते ती बिचाऱ्या पान्याची.

या अडचणीवर पाना घडवणाऱ्याने केलेली तजवीज मला फार विलक्षण वाटते. षट्कोनी नट साठ अंश फिरला की पुन्हा पहिल्यासारखाच समोर येतो, म्हणजे सरळ तोंडाच्या पान्याला दर खेपेस निदान साठ अंशांचा झोका हवा. परंतु उघड्या तोंडाच्या पान्याचे तोंड दांड्याशी पंधरा अंश तिरके ठेवलेले असते, आणि त्यामुळे प्रत्येक हिसक्यानंतर पाना पालथा करून लावला की तीस अंशांत काम भागते. बारा कोनांचा रिंग पानाही तेवढ्यावरच भागवतो, पण त्याला नटाच्या डोक्यावरून खाली उतरायला जागा लागते, आणि नेमकी तीच तेथे नसते.

मात्र पान्याची पाळी फार उशिरा येते. आटे धरेपर्यंतचा कारभार बोटांचा, आणि तोही बव्हंशी अंधारात चालणारा. दंतवैद्याचा छोटा आरसा आत घातला तर नट दिसतो खरा, पण उजवे-डावे अदलाबदल होऊन हात असा गोंधळतो, की डोळे मिटून घेणेच श्रेयस्कर ठरावे. वायसरला ग्रीस लावून तो बोटाच्या टोकाला चिकटवावा, स्टडावर पोहोचवावा, आणि मग नट लावताना तो आधी उलटा, सोडण्याच्या दिशेने, हलकेच फिरवावा. आट्याचे टोक आट्यावरून घसरून किंचित खाली बसल्याचे बोटाला कळते, आणि त्यानंतरच सुलटा फिरवला असता तो वाकडा चढत नाही. एवढ्या सूक्ष्म धक्क्याची वर्दी डोळा कधीच देऊ शकला नसता. अडचणीच्या जागी काम करणाऱ्याची बुद्धी काही काळापुरती तर्जनीच्या अग्रात वस्तीला येते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती समजू नये.

दोन्ही नट बोटांनी टेकेपर्यंत एकही आवळायचा नाही, आणि नंतर आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, हा शिरस्ता अरसिक वाटला तरी सकारण आहे: एकच बाजू ओढली गेली तर कार्ब्युरेटरची मऊ कानपट्टी वाकते, फटीतून गाळणीला न जुमानता हवा आत शिरते, आणि मंद चाल बिघडते. दोष मग लोक जेटमध्ये शोधत बसतात.

टाकी आधी उतरवून ठेवली तर यातले निम्मे कष्ट वाचतात, हे सर्वांना ठाऊक असते आणि ती उतरवण्याचा कंटाळाही सर्वांनाच येतो. माझ्या मते या धंद्यातील बहुतेक कौशल्य त्या कंटाळ्यातूनच जन्मास आले असावे. मुरलेल्या मिस्त्रीच्या खिळ्याला एखादा पाना असा लटकलेला दिसतो, की ज्याचा दांडा निम्मा कापला आहे आणि मान भट्टीत तापवून वाकवली आहे. तो कोणत्या गाडीच्या कोणत्या नटासाठी आहे हे तो हौसेने सांगतो. उसना मागितला तर मात्र दुसऱ्या विषयाकडे वळतो.