अकरा सूत

आबांच्या हत्यारांची पेटी रत्नागिरीस आमच्याकडे आली तेव्हा तिच्यात रंध्याची सात पाती होती, धोतराच्या तेलकट फडक्यात गुंडाळलेली. रंध्यांचे लाकडी ठोकळे गावीच वाळवीने फस्त केले होते. पेटीत उरले ते लोखंड. ज्यांचा सारा व्यवहार शब्दांशी, अशा आम्हांस या लोखंडाचे काय करावे ते उमगेना. एकावर एक ठेवली तर पाती एकमेकांची धार मारतात, एवढे मात्र लहानपणापासून कानांवर होते. म्हणून त्यांना स्वतंत्र जागा हवी, आणि ती आपणच करावी असे ठरले. सुताराच्या मुलाने वयाच्या पन्नाशीत पहिल्यांदा करवत हाती घ्यावी, यातला विनोद आमच्या घरच्या मंडळींच्या ध्यानात आमच्याआधी आला.

रंधा हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तिकडे ‘रंदे’ म्हणजे सुताराचा रंधा आणि स्वयंपाकघरातली किसणीही. वर्गात हे सांगितले की विद्यार्थी हसतात, आणि आम्हांसही ते सांगायला आवडते. पण शब्दाचे कूळ सांगता येणे निराळे आणि वस्तू ओळखता येणे निराळे. पाते सबंध पोलादाचे असते अशीच आमची समजूत होती. आबांच्या पात्यांपैकी दोन जुनी शेफील्डची आहेत, ‘कास्ट स्टील’ असा छाप असलेली. ती उजेडात आडवी धरली की कडेला एक बारीक सांधा दिसतो. अंग साध्या लोखंडाचे; धार घेणारे पोलाद एका बाजूस, तेही खालच्या भागापुरते, तापवून ठोकून जोडलेले. पाते खाली जाड आणि वर निमुळते. दगडावर घासून घासून ते पोलाद संपले की पाते संपले, वर कितीही लांब लोखंड शिल्लक असो.

पहिली घडवंची आम्ही बाभळीची केली. कारण भावनेचे होते. गाव आटपाडीकडचे, दुष्काळी. आबांचे आयुष्य बाभळीचे नांगर आणि बैलगाड्यांची चाके करण्यात गेले. त्यांच्या शेवटच्या दिवसांतली एक फळी पडवीत उभी होती, ती आणली. तिच्यावर करवतीने सात तिरप्या खाचा पाडल्या आणि पाती त्यांत घट्ट बसवली. दिसायला काम नेटके झाले. फळीवर करवत चालेना तेव्हाच खरे तर शहाणे व्हायचे, पण आम्ही ते बाभळीच्या कणखरपणाचे कौतुक म्हणून घेतले.

मग पावसाळा आला. आटपाडीस जेमतेम पाऊस, आणि रत्नागिरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक. ऑगस्टात एक पाते उपसू गेलो तर निघेना. लाकूड फुगले होते. मोगरीने ठोकून काढले तेव्हा खाचेच्या दोन्ही अंगांना काळेभोर डाग, आणि पात्यावर गंजाच्या पुळ्या. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात हे आम्हांस ठाऊक होते. ज्या तुरट द्रव्याने कातडे कमावले जाते ते लाकडातही असते आणि ओलाव्यात लोखंडाला भिडले की काळे होते, हे ठाऊक नव्हते. वस्तुतः असायला हवे होते. हिरडा आणि हिराकस यांपासून जुनी शाई होते ती याच न्यायाने, आणि शाईची ती कृती आम्ही हस्तलिखितांविषयीच्या तासाला वर्षानुवर्षे सांगत आलो आहो. फळीवर सात काळ्या रेघा उमटल्या होत्या.

शाईवरून आठवले म्हणून येथेच सांगून टाकतो. महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात आम्ही ‘शेती’ असे लिहिले होते. दीड एकर कोरडवाहू होते, तेव्हा अगदी खोटे म्हणता येणार नाही. पुढे त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५चा ‘गावगाडा’ शिकवू लागलो, बलुतेदारीवर तासच्या तास बोललो, गावाने सुताराला कसे धान्यावर राबवले ते तावातावाने मांडले. कोणा विद्यार्थ्याने ‘सर, तुमचे वडील काय करत?’ असे विचारले नाही, आणि आपण होऊन आम्ही बोललो नाही.

दुसरी घडवंची सागाची. जुन्या खिडकीच्या झडपेचा तुकडा, अठरा इंच लांब, नऊ इंच रुंद. सागाच्या अंगी तेल असते. लोखंडाला तो त्रास देत नाही. या वेळी पाती खाचांत कोंबली नाहीत. रंध्याच्या रुंद पात्यांना मधोमध एक लांबट भोक असते, दुसरी पट्टी स्क्रूने जोडण्यासाठी. त्या भोकातून पाते खुंटीवर टांगायचे, म्हणजे चहूकडून वारा लागतो आणि धार कशालाच टेकत नाही. तीन सुती बांबूच्या पाच खुंट्या किंचित वर तोंड करून ठोकल्या. दोन अरुंद पात्यांना भोक नाही, त्यांच्यासाठी कडेला दोन सैल खाचा. खाली समोरून एक इंचाची आडवी पट्टी लावली, धारा तिच्याआड राहाव्यात म्हणून. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आबांना मिलिमीटर कळत. वापरावेसे वाटत नसत.)

खुंट्या आम्ही गुण्या लावून एका रेषेत ठोकल्या होत्या. पाती टांगली आणि दूर उभे राहून पाहिले. चार पात्यांच्या धारा पट्टीआड गेल्या. पाचव्याची गेली नाही. ती पट्टीच्या वर, बोटाच्या उंचीवर उघडी राहिली, आणि फडके फिरवताना आमच्या तर्जनीला तिने ते कळवले.

हे पाते शेफील्डच्या जोडीपैकी एक. दोन्ही आबांनी एकदमच घेतलेली, एकाच मापाची. एक क्वचित वापरले, ते सात इंच आहे. दुसरे रोजच्या कामाचे. दोन्ही शेजारी ठेवून मोजले: अकरा सूत कमी. सांध्याजवळ पोलाद आणखी दोन सूत असेल.

त्या अकरांतले एक सूत आमचे. सहावीत असताना कंपासपेटीचे अडकलेले झाकण उघडायला आम्ही तेच पाते घातले आणि कोपर्‍याचा टवका उडाला. आबा ओरडले नाहीत. ‘पोलाद हाय त्ये, पहार न्हवं,’ एवढेच म्हणाले, आणि कुरुंदाच्या दगडावर पाणी घालून बसले. एके ठिकाणी टवका गेला तर सगळी धार त्याच्या मागे न्यावी लागते, तेव्हा ते कंदील लागेपर्यंत घाशीत होते. दुसर्‍या दिवशी एका घराची चौकट द्यायची होती. आणि बाभळीत गंजून धारेपाशी जो खड्डा पडला, तो घालवायला आम्हीही या वर्षी घासत बसलो. अर्धे सूत गेले. दीड सूत आमच्या खाती धरावे.

वरची डोकी जुळवायची की खालच्या धारा, हा प्रश्न आबांना पडला नसता. ती एक खुंटी उपटली आणि अकरा सूत खाली नवे भोक पाडून ठोकली. आता पाचही धारा एका रेषेत पट्टीआड आहेत, आणि वरून पाहिले तर एक पाते रांगेतून खाली उतरल्यासारखे दिसते. घरी येणारे ‘हे वाकडे का?’ असे विचारतात. विचारले की आम्ही सांगतो. आबांच्या व्यवसायापासून सुरुवात करतो.

वरचे रिकामे भोक बुजवायला फेव्हिकॉलमध्ये भुसा कालवून ठेवला होता. तो वाटीतच वाळून गेला. भोक तसेच आहे.