भीमकाचा शोक

वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हे परंपरेने रुक्मिणीचे माहेर. रुक्मिणीहरणाची कथा मराठी मनाने शतकानुशतके मंगलकथा म्हणूनच वाचली. तेराव्या शतकात वऱ्हाडातल्याच ऋद्धिपुरात गोविंदप्रभूंच्या लग्नाचे निमित्त झाले आणि महदंबेने धवळे रचले. पुढे १५७१ साली एकनाथांनी काशीत ‘रुक्मिणी स्वयंवर’ पूर्ण केले आणि विवाहेच्छू मुलींनी त्याची पारायणे केली. या मांगल्याखाली एका घराची फाटाफूट दडलेली आहे. तिच्याकडे लक्ष वेधण्यास एक दूरचे चित्र उपयोगी पडते.

वेलास्केस या स्पॅनिश चित्रकाराने १६३०च्या सुमारास, आपल्या पहिल्या इटलीप्रवासात, ‘योसेफचा झगा’ हे चित्र रंगवले. आज ते माद्रिदजवळच्या एस्कोरियलमध्ये आहे. प्रसंग बायबलमधील ‘उत्पत्ती’च्या ३७व्या अध्यायातला. बापाच्या लाडक्या योसेफला भावांनी विकले, बकऱ्याच्या रक्तात त्याचा झगा बुडवला आणि तो बापापुढे ठेवून, हा तुमच्या मुलाचा आहे का ते पाहा, एवढेच म्हटले. योसेफ मेला असे त्यांनी सांगितले नाही. तो निष्कर्ष बापाने स्वतःच काढला. चित्रात उजवीकडे आसनावर बसलेला म्हातारा याकोब दोन्ही हात पसरून हादरलेला आहे. समोर रक्ताळलेली वस्त्रे धरून मुलगे उभे आहेत, मागे अंधारात आणखी दोघे आहेत, आणि चौकटीचौकटींच्या फरशीवर एक लहानसे कुत्रे त्या मुलांवर भुंकते आहे. त्या दालनात भावांच्या अपराधाकडे बोट दाखवणारे तेवढेच आहे, आणि त्याला वाचा नाही.

बरोक चित्रकलेला अशा आघाताच्या क्षणाचे आकर्षण होते. तथापि या चित्राचे बळ केवळ त्या क्षणात नाही. योसेफ जिवंत आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, आणि तरीही याकोबाचा शोक तसूभर कमी खरा ठरत नाही. शिवाय हा बाप निरपराधही नाही. एका मुलाला वेगळा झगा देऊन घरात मत्सर पेरला तो त्यानेच. आणि तारुण्यात बकऱ्याचे कातडे हातांवर चढवून आपल्या आंधळ्या बापाला, इसहाकाला, फसवले तेही त्यानेच. या मूळ कथेचे स्मरण असलेल्या प्रेक्षकाला त्या पसरलेल्या हातांत शोकाबरोबर हा जुना हिशोबही दिसतो.

या दृष्टीने भागवताच्या दशम स्कंधाकडे वळले की भीमक वेगळा भासू लागतो. कृष्णाला मुलगी देण्याची इच्छा असूनही तो पुत्रस्नेहाच्या अधीन होतो आणि थोरला मुलगा रुक्मी म्हणतो म्हणून शिशुपालासाठी मांडव घालतो. मुलगी अंबिकेच्या दर्शनाला जाते ती परत येत नाही. कृष्णाला मारून बहिणीला सोडवल्याखेरीज या नगरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून मुलगा पाठलागाला निघतो. पराभूत होतो, वस्त्राने बांधला जातो, त्याचे केस-मिशा विद्रूप केल्या जातात. प्रतिज्ञा पाळण्यासाठी तो भोजकट वसवून तिथेच राहतो. म्हणजे मुलगी आणि थोरला मुलगा, दोघेही एकाच दिवशी भीमकाच्या घराबाहेर पडले. बलराम रुक्मिणीला तत्त्वज्ञान सांगून शांत करतो; भीमकाजवळ कोणी जात नाही. पुढे अनिरुद्धाच्या लग्नात, भोजकटातच, बलरामाच्या हातून रुक्मी मारला जातो तेव्हा कृष्ण बरेवाईट काहीच बोलत नाही, कारण एका बाजूला पत्नी असते आणि दुसऱ्या बाजूला भाऊ.

एकनाथांना ही रिती जागा जाणवली असावी. त्यांनी कथेच्या अखेरीस मराठी रीतीचा लग्नसोहळा मांडला आणि भीमक-शुद्धमतीच्या हातून कन्यादान करविले. या विस्ताराचा आध्यात्मिक अर्थ सर्वपरिचित आहे; पण भागवताने दाराबाहेर ठेवलेल्या आईबापांना त्यांनी मांडवात आणले, ही गोष्टही तितकीच लक्षणीय आहे.

आपल्या परंपरेत शोकात्मिका नाही, हे विधान मराठी समीक्षेत पुष्कळदा केले गेले आहे. शोकाचा एकच क्षण गोठवून त्याला चौकट देणे हीच शोकात्म जाणिवेची खूण मानली, तर ते मान्य करावे लागेल. परंतु शोक आचारातही वाटून ठेवता येतो. कौंडण्यपूरहून रुक्मिणीच्या पादुकांची पालखी दर आषाढीला पंढरपुरास जाते. परंपरा तिचा आरंभ १५९४ सालचा सांगते. पालखी म्हणजे उत्सव, हे खरेच. पण ज्या गावातून मुलगी निरोपाशिवाय गेली, ते गाव दरवर्षी तिला वाजतगाजत सासरी पोचवून येते, असाही तिचा अर्थ लावता येतो. तसे पाहिले, तर त्या वाटेवर चालणारा वारकरी भीमकाने त्या दिवशी न केलेली पाठवणी करीत असतो. आणि ती एकदा करून पुरत नाही, म्हणून पुढल्या वर्षी पुन्हा करतो.